डावीकडे साडेसात

४ फेब्रुवारी

आरशासमोर पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या, मधलं बटण लागत नाही म्हणून स्वतःलाच शिव्या घालणाऱ्या तमाम बायांनो!

टाचणी, दचकू नकोस, पत्र तुलाच आहे. शनिवारी शिवणवर्गाच्या बायांपुढे बोलायचंय, त्याची सुरुवात अशी करणार आहे. कशी वाटली? मला कळव, पण पत्रानेच. माझ्या कानांची तुला कल्पना आहे. परवा तू फोन केलास तेव्हा मला खरखर ऐकू आली आणि मध्येच ‘कोट’ एवढाच शब्द कळला. बाकीचं तुझ्या चिठ्ठीवरून समजलं.

तर तुझा कोट. चौकशीच्या खिडकीत बसताना घालायचा तो निळा, कडक, कॅनव्हास भरलेला. तो तू मला पाठवलास आणि लिहिलंस, ‘आतून छातीला पॅड बसवून दे, पूर्वीसारखा दिसला पाहिजे.’ अगं, पूर्वीसारखा म्हणजे कसा? तो पूर्वी तरी तुझ्या अंगावर कुठे बसत होता? मी मागच्या वर्षी पाहिलं आहे तुला त्यात. खुर्चीत बसलीस की कॉलर कानापर्यंत वर यायची आणि हात वर करायचा तर अख्खी बाई वर उचलली जायची.

हा कोट कोणी बेतला? ज्याने तुला कधी पाहिलं नाही त्याने. लहान, मधलं, मोठं असे तीन कप्पे केले आणि जगातल्या सगळ्या बायकांना सांगितलं, शिरा यात. आणि आपण शिरतो! बसलं नाही तर कपड्याला बोल लावत नाही, जेवण कमी करतो. खुर्ची मोडकी असेल तर कोणी स्वतःचे पाय कापून घेतं का? मग कपड्याच्या बाबतीत आपली अक्कल कुठे जाते?

तुझे खांदे उतरते आहेत, ते माझ्या भावाकडून आले. कंबर आखूड, दंड भरलेले, पाठीला थोडा बाक. यातलं काहीही चुकलेलं नाही. या अंगाला मऊ कापड हवं, खांद्यावरून आपसूक घरंगळणारं, कुठेही न धरणारं. मी तुला तसा कोट शिवून देते. रंग तोच निळा घेईन, म्हणजे तुमच्या नियमात बसेल. पॅडबिड मी बसवत नसते.

मापं पाठव. कधी परत जायचंय कामावर? पित्ताशयाचे खडे काढायला एवढी मोठी रजा देतात हे मला नवीनच कळलं. चांगलं आहे. घड्याळजी कसे आहेत?

आत्या


११ फेब्रुवारी

आत्या,

पत्र मिळालं. भाषणाची सुरुवात चांगली आहे. बायका हसतील.

१५ एप्रिलला कामावर जायचं आहे. इथे सगळं ठीक. हे घड्याळं दुरुस्त करतात. मी पुढच्या खोलीत बसते. समोरच्या इमारतीला रंग देत आहेत, ते दिसतं. अर्धी भिंत झाली आहे.

मापं खाली देते.

खांदा चौदा. उंची सव्वीस. पाठ सोळा. बाही एकवीस. मधल्या बटणापासून काखेखालच्या शिवणीपर्यंत उजवीकडे साडेनऊ, डावीकडे साडेसात.

मऊ कोट शिवलास तरी चालेल. मला कुठलाही चालेल. पण आतून पॅड बसवता आलं तर बघ. फक्त डावीकडे.

तुझी टाचणी


१८ फेब्रुवारी

टाचणी,

तू माझ्या दुकानात वाढलीस, माझ्या टाचण्यांचा डबा दिवसातून चारदा उपडा करून नाव कमावलंस, आणि तुला अजून टेप धरता येत नाही?

डावीकडे साडेसात! उजवीकडे साडेनऊ आणि डावीकडे साडेसात! अगं, माणसाच्या दोन बाजू पाव इंचाने वेगळ्या असतात. जन्मभर एकाच खांद्यावर ओझं वाहिलेल्या माणसाच्या अर्ध्या इंचाने. दोन इंचांचा फरक मी चाळीस वर्षांत पाहिलेला नाही. उजव्या हाताने स्वतःचंच माप घेतलंस, डावीकडे हात पोचला नाही, टेप तिरकी गेली. दुसरं काय होणार? घड्याळजींना धरायला सांगायचं होतंस की दुसरं टोक. एवढे बारीक स्क्रू धरणारा माणूस घरात आहे.

शेवटी माझी मापांची वही काढली. घराण्यातल्या सगळ्यांची मापं आहेत त्यात, तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासूनची तुझीही आहेत. मागच्या वर्षीचं पान उघडलं. दोन्हीकडे साडेनऊ. तेच धरून कापला. आजारपणात थोडी वाळली असशील, पण भरून येशील, म्हणून शिवणींच्या आत कापडाची माया भरपूर सोडली आहे.

कापडाबद्दल सांगते. तीन वेळा धुतलं. पहिल्या धुण्यात खळ गेली, दुसऱ्यात अकड गेली, तिसऱ्यात ते माणसाळलं. सावलीत वाळवलं. अस्तर नाही, कॅनव्हास नाही, टक्स नाहीत. पुढे दोन्हीकडे बारीक चुण्या घेतल्या आहेत, त्यातून छातीला मोकळीक मिळेल. हाताने चुरगाळून बघ, आवाजसुद्धा होत नाही.

शनिवारचं भाषण दणक्यात झालं. मी म्हटलं, ‘ज्या दिवशी बाई श्वास सोडून आरशासमोर उभी राहील, त्या दिवशी अर्ध्या दुकानांना टाळं लागेल!’ तर मागून पोळपाट करणाऱ्या सुताराची बायको म्हणते, ‘बाई, श्वास सोडला तर माझं वरचं बटण समोरच्याचा डोळा फोडेल.’ मी ते वाचलं तिच्या ओठांवरून. आणि दुसरी म्हणाली, ‘फुटू दे, बघतोय कशाला तो!’ काय हसलो गं. दोघींनी तिथल्या तिथे कमरेचे टाके उसवले.

पॅड पाठवलेलं नाही. पॅड म्हणजे कपड्याने खोटं बोलणं, आणि माझ्या हातून शिवलेला कपडा खोटं बोलत नाही. हे मी भाषणातही म्हटलं. टाळ्या पडल्या, त्या दिसल्या.

पार्सल सोबत आहे. घालून बघ आणि लिही.

आत्या


२ मार्च

आत्या,

पार्सल सोमवारी आलं. आज शुक्रवार आहे. उत्तराला उशीर झाला.

कोट मऊ आहे. हाताला कळलं. आवाज खरंच होत नाही. खांदे अगदी जागेवर आहेत, बाही पण.

घालून आरशासमोर उभी राहिले. तू सांगतेस तसा श्वास सोडला. उजवीकडे चुण्या छान पडल्या. डावीकडे कापड थोडा वेळ उभं राहिलं, मग हळूहळू खाली बसलं. रिकामी पिशवी खुर्चीवर ठेवली की बसते तसं.

खडे नव्हते, आत्या. गाठ होती. नोव्हेंबरमध्ये डावी बाजू काढली, पूर्ण. तुला खडे म्हणून सांगितलं कारण तू निघून आली असतीस आणि तुझा गुडघा तसा आहे. आणि मला कोणी काही बोलायला नको होतं. तसं कारण विशेष काही नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. फार नीट शिवलं आहे त्यांनी. टाके एकसारखे, रेघ सरळ. तुला आवडले असते.

तिथल्या कातडीला काही कळत नाही. काखेपासून मधल्या हाडापर्यंत. गरम पाणी, गार पाणी, टॉवेल, सगळं सारखंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींचं परत येतं, काहींचं नाही. त्यामुळे मऊ कापडाचं म्हणशील तर अर्ध्याच अंगाला मऊ लागलं. फक्त एके ठिकाणी, काखेखाली जिथे तुझी शिवण येते, तिथे टोचलं. तेवढंच.

ह्यांना दाखवलेलं नाही. मी दार लावून कपडे बदलते. हे बाहेर टेबलाशी असतात, डोळ्याला भिंग लावून. मी बाहेर आले की भिंग काढत नाहीत. घड्याळ नसलं हातात तरी काढत नाहीत. त्यांनाही बरं पडत असेल. चहा दाराबाहेर ठेवतात, टकटक करतात, जातात.

पॅड म्हणजे खोटं बोलणं असं तू लिहिलंस. टाळ्या पडल्या म्हणालीस. ठीक आहे. तुझा कोट घडी करून कपाटात ठेवला आहे. जुना कोट परत पाठव, मी इथेच कोणाकडून तरी करून घेईन.

समोरची भिंत पूर्ण झाली. आता खिडक्या रंगवतात.

टेप सरळ धरली होती.

टाचणी


१२ मार्च

टाचणी,

पत्र मिळालं.

शनिवारी वर्गात उभी राहिले. बायका माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मी म्हटलं, आज काजं करा. त्यांनी दोन तास काजं केली. सुताराची बायको जाताना विचारून गेली, ‘बाई, बरं नाही का?’ मी हो म्हटलं.

चार दिवस कात्री उचललेली नाही.

तुझा जुना कोट परत पाठवत नाही. थोडे दिवस थांब.

आत्या


१७ मार्च

आत्या,

थांबायला हरकत नाही. तू कात्री ठेवून बसू नकोस. मी रागावलेले नाही. रागावण्यासाठी जे लागतं ते सध्या सापडत नाही.

काल कचेरीतल्या मोठ्या बाई घरी आल्या होत्या. फळं आणली होती. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि सगळा वेळ माझ्या कपाळाकडे बघून बोलल्या. खाली नजर जाऊ नये म्हणून फार जपत होत्या, बिचाऱ्यांची मान दुखली असेल.

म्हणाल्या, ‘खिडकीत बसायचं म्हणजे काय आहे, दिवसभर लोक समोर. तुलाच अवघड होईल. त्यापेक्षा मागे नोंदींच्या खोलीत बस. तिथे कोणी येत नाही. कोटाचीसुद्धा सक्ती नाही, तुला हवं ते सैल, मऊ काहीतरी घालून येत जा.’

तुझीच शिष्या वाटली.

मी विचारलं, ‘किती दिवस?’ तर म्हणाल्या, ‘बघू ना. तुला पूर्वीसारखं वाटेपर्यंत.’ दहा एप्रिलपर्यंत कळवायचं आहे, खिडकी की खोली.

नोंदींची खोली मला माहीत आहे. लांबट आहे, एक झरोका आहे. पूर्वी तिथे एक बाई होत्या, त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाची तयारी करताना आम्हाला त्यांचा चेहरा नीट आठवेना. खिडकीत मी अकरा वर्षं बसले. पाचवा मजला, डावीकडे, तिसरं दार. दिवसाला दोनशे वेळा. काही जण परत जाताना हात करायचे. ते आठवलं.

हे आतल्या खोलीत होते. बाई गेल्यावर बाहेर आले, फळं धुतली, म्हणाले, ‘खिडकीवर तुझ्याएवढं नीट कोणी सांगत नाही.’ मी म्हटलं, ‘हं.’ त्यांनी परत भिंग लावलं.

बहुतेक खोलीच घेईन. मला काही वाटत नाही. कशाचंच वाटत नाही, त्यात हेही आलं.

काल तुझा कोट काढून परत घातला. का ते माहीत नाही. काखेखाली टोचलं. दहा मिनिटं तसाच ठेवला अंगावर. बरं वाटलं असं नाही म्हणता येणार. पण होतं काहीतरी तिथे.

टाचणी


२५ मार्च

टाचणी,

आज सकाळी मापांची वही उघडली. तुझ्या जुन्या पानावर आडवी रेघ मारली आणि पुढच्या कोऱ्या पानावर तुझं नाव आणि आजची तारीख लिहिली. बाकी पान कोरं आहे.

मला आधी माझं पाप बोलू दे. चाळीस वर्षं मी ओरडत आले की कपड्याने बाईच्या अंगाचं ऐकावं. बाईच्या अंगाने स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवलं, डावीकडे साडेसात, आणि मी काय केलं? तिला सांगितलं, तू चुकतेस. वहीत बघून कापलं. तुला कधी न पाहता कोट बेतणाऱ्या माणसाला मी शिव्या घातल्या, आणि त्याच्यात न् माझ्यात फरक एवढाच की माझ्याकडे तीनऐवजी चौथा कप्पा होता. त्यावर लिहिलं होतं, ‘मागच्या वर्षीची टाचणी’. त्यात तुला कोंबायला निघाले, आणि वर भाषण ठोकलं.

कानांनी ऐकू येत नाही ते सोड. मला कागदावरचंसुद्धा ऐकू आलं नाही.

काल शनिवार होता. मी वर्गात बायकांना हे सांगितलं. तुझं नाव न घेता, माझं घेऊन. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची एक, जी दोन वर्षांत एक शब्द बोललेली नाही आणि सदैव जाडजूड शाल पांघरून बसते, ती उठून माझ्यापाशी आली. शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि हात पसरून उभी राहिली, माप घ्या म्हणून. मी घेतलं. तिच्या दोन बाजूंत किती फरक होता ते तुला सांगणार नाही, ते तिचं आहे. मी चाळीस वर्षांत असा फरक पाहिलेला नाही असं तुला लिहिलं होतं. पाहिला नव्हता कारण अशा बाया माझ्यापुढे उभ्याच राहत नव्हत्या. माझ्या भाषणांना टाळ्या वाजवून घरी जात होत्या.

आता तुझ्या मोठ्या बाई. सैल कपडे घाल आणि मागे जाऊन बस, म्हणे! मऊ कापडाची मी आयुष्यभर वकिली केली ती कोणाला खोलीत कोंडायला नव्हे. सैल कपडा माणसाला हात लांब करता यावा, खिडकीतून वाकून ‘पाचवा मजला’ सांगता यावं म्हणून असतो. त्यांना तुझ्याकडे बघता येत नाही म्हणून तू दिसेनाशी व्हायचं? मान त्यांची दुखते, आणि जागा तू बदलायची?

बघ, परत सुरू झाले. खिडकी की खोली हे मी सांगणार नाही. ते तू ठरव. झरोक्याची खोली तुला खरंच हवी असेल तर तिथे बस, आणि तुला तिथे कोणी विसरलं तर मी स्वतः लंगडत येऊन दाराशी उभी राहीन. पण लोकांची मान दुखू नये एवढ्यासाठी बसू नकोस.

पॅडचं. हवं असेल तर शिवते. धुतलेल्या सुती कापडाचं, आत मऊ कापूस, काढता-घालता येईल असं. सोमवारी वाटलं तर लाव, मंगळवारी नको वाटलं तर टेबलावर ठेवून जा. ते खोटं बोलणं नाही. खोटं मी बोलले होते, वहीत बघून. नको असेल तर डावी बाजू डाव्या बाजूच्या मापानेच कापीन, सपाट, चुणी न घेता, आणि ती दिसायला इतकी सुरेख करीन की बघणारा म्हणेल उजवीकडे उगाच चुण्या घातल्या आहेत.

काखेखालची ती शिवण. मी ती बाहेरून घेणार होते, टोचू नये म्हणून. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. ठेवू का तशीच? सांग.

तुझा जुना कोट मी उसवला. कॅनव्हास काढून टाकला. खाली कापड बरं निघालं, तीनदा धुतलं, ते आता माझ्या टेबलावर पसरलं आहे. त्यातूनच कापणार आहे. नियम म्हणतो निळा कोट, त्यांचाच निळा कोट असेल तो. कात्री शेजारी ठेवली आहे. पण मी अंदाजाने कापणार नाही, वहीतून कापणार नाही, आणि तू एकटीने दार लावून घेतलेलं मापही या वेळी घेणार नाही. तुझी टेप सरळ होती हे मला मान्य आहे. तरीही घेणार नाही.

कारण त्या भिंगाचा मी फार विचार केला. तुझे घड्याळजी माझ्या समोर बसून एकदा माझं मनगटी घड्याळ दुरुस्त करत होते. मी काहीतरी विचारलं तर भिंगातूनच वर बघितलं त्यांनी आणि म्हणाले, ‘आत्या, थांबा, यातून तुम्ही नुसता धूर दिसताय. यातून जवळचंच दिसतं, बोटभर अंतरावरचं.’ तुला वाटतं ते तुझ्याकडे बघायचं टाळायला भिंग लावून बसतात. असेलही. मी आता कोणाच्या मनातलं ठामपणे सांगत नाही. पण त्या माणसाला दूरचं दिसत नाही, आणि तू पाच महिने दूर उभी आहेस, दाराच्या पलीकडे.

तेव्हा हे कर. पत्र मिळेल त्या दिवशी, उजेडात, चहा ठेवून टकटक झाली की दार उघड. टेपचं एक टोक मधल्या हाडावर तू धर, दुसरं काखेखाली त्यांच्या हातात दे, आकडा त्यांना मोठ्याने वाचू दे, आणि त्यांच्या अक्षरात लिहून मला पाठव.

आत्या